पाटी नसलेली पेटी

पार्वतीबाईंनी मधपेटीचं झाकण अंगठ्यानं दाबलं. ते खाली गेलं आणि अंगठा उचलल्यावर परत वर आलं.

"हे लाकूड हाय का पुठ्ठा?"

"प्लायवूड हाय, अक्का. एक नंबर माल," टेम्पोच्या फळीवर बसलेला मडिवाळप्पा म्हणाला. "सही माडी, सही करा, दोन पेट्या उचला अन् निघा. मागं लाईन हाय."

कमठाण्याच्या पंचायतीपुढं बारा बायका उभ्या होत्या. परसात मधमाश्या पाळायच्या योजनेत त्यांची नावं निघाली होती, बिदरला तीन दिवसांचं प्रशिक्षणही झालं होतं. पेट्या पुरवायचं काम मडिवाळप्पाला मिळालं होतं आणि पंचायतीचा अध्यक्ष त्याचा मेहुणा होता, त्यामुळं टेम्पो थेट पंचायतीच्या दारात लागला होता.

पार्वतीबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. कानडी त्यांना सावकाश वाचता यायचं. "हितं सागवानी लिवलंय. भिंत बोटभर जाड, असं बी लिवलंय."

"लिहायचं असतंय तसं."

"मग सही बी तसलीच करू का, नुसती लिहायची म्हणून?"

मागच्या बायका हसल्या. मडिवाळप्पा हसला नाही. पार्वतीबाईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं, पदर सावरला आणि त्या रिकाम्या हातानं घरी निघाल्या. त्यांच्या मागं उभी असलेली शेजारची पवित्रा क्षणभर घुटमळली. मग तिनं सही केली आणि दोन पेट्या उचलल्या.

खोट्या कागदावर सही करायची नाही, हे पार्वतीबाईंनी एकदाच आणि फार वाईट रीतीनं शिकून घेतलं होतं. पंचवीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवलं. एका वर्षी डाळीच्या पोत्यात अळ्या निघाल्या. 'निवडून घ्या आणि शिजवा, माल चांगला मिळाला म्हणून सही करा,' असं वरून सांगणं आलं. त्यांनी सही केली, डाळ शिजवली. संध्याकाळपर्यंत नऊ पोरं ओकून ओकून पिवळी पडली. पोरं वाचली. पार्वतीबाईंना कुणी बोल लावला नाही. पण कागदावर सही त्यांची होती, आणि ती नऊ नावं त्यांना अजून हजेरीच्या क्रमानं पाठ होती. साठ भरल्यावर त्यांना घरी पाठवलं तेव्हा हातात काही पडलं नाही. ती नऊ नावं तेवढी बरोबर आली.

रिकाम्या हातानं आलेल्या बायकोला बघून नरसिंग ओट्यावरून म्हणाला, "आता कशात पाळतीस माश्या? हंड्यात?"

नरसिंगनं जन्मभर तांबड्या दगडाच्या खाणीत चिरे काढले होते. दगडाची धूळ छातीत बसली होती, चार वाक्यं बोलला की खोकला यायचा. पार्वतीबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "खाणीत माश्या असायच्या म्हणायलावता. उन्हाळ्यात पळून जायच्या का?"

"कामून पळतील? कपारीत असायच्या की. हातभर जाड दगड. भाईर आग पडू दे, आत हात घातला तर गार." तो थोडा खोकला. "जुन्या खाणीत अजून एक पोळं हाय. सातेरी माशी. डसत न्हाई लई."

पार्वतीबाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं. गाय विकल्यापासून गोठ्याला दार असून नसून सारखंच होतं. ते जुनं सागवानी दार त्यांनी बिजागरीतून उतरवलं आणि व्यंकट सुताराकडं नेलं. प्रशिक्षणात दाखवलेली मापं त्यांनी वहीत उतरवून घेतली होती. आठ चौकटी, दोन चौकटींत किती जागा सोडायची, माश्यांच्या दाराची फट किती. व्यंकट म्हणाला, "अक्का, एवढं बारीक माप मी देव्हाऱ्याला बी घेत न्हाई." पण पेटी त्यानं नेटकी केली.

त्या पेटीभोवती पार्वतीबाईंनी तुराट्यांचा कूड विणला आणि त्याला शेणमातीनं लिंपलं. कूड आणि पेटी यांच्यामध्ये चार बोटं जागा ठेवली आणि तिच्यात ज्वारीचं भुसकट दाबून भरलं. वर बारदानाच्या घड्या, त्यावर गवताचं छप्पर. झाकणाखाली वाऱ्याला दोन भोकं ठेवून त्यांना जाळी लावली. पेटी चिऱ्यांवर ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून चिऱ्यांभोवती पाण्याची चर काढली, आणि तोंड उगवतीला केलं. तूर फुलावर आली त्या आठवड्यात नरसिंगला रिक्षात घालून त्या जुन्या खाणीवर गेल्या. तो लांबून सांगत राहिला, त्यांनी धूर दिला, पोळ्याचे तुकडे सुरीनं सोडवून दोऱ्यानं चौकटींना बांधले. राणीमाशी पेटीत गेली तशी बाकीच्या आपण होऊन मागं चालत गेल्या.

गल्लीत चेष्टा झाली. म्हातारीनं माश्यांना धाबळी पांघरली, असं लोक म्हणायला लागले. पौषात पठारावरचं वारं सुटलं तेव्हा इतरांच्या, माश्या बसवलेल्या पेट्यांना आतून ओल आली. पार्वतीबाईंची पेटी कोरडी होती. पवित्राला तेवढं त्यांनी दोनदा सांगितलं, "कूड करू चल." ती म्हणायची, "सुट्टीत करू, आत्या."

भीमजयंतीच्या आधल्या दिवशी भर दुपारी पवित्रा दारात आली. हाताला कोपरापर्यंत मध लागला होता आणि ती रडत होती.

पार्वतीबाई तिच्या परसात गेल्या. पत्र्याच्या आडोशाला ठेवलेल्या दोन्ही पेट्यांचं प्लायवूड पापुद्रे सुटून फुगलं होतं. आत मेण मऊ होऊन पोळी खाली बसली होती. मध, अंडी, पांढऱ्या अळ्या, सगळं तळाला एक झालं होतं. माश्या निघून गेल्या होत्या. मागं राहिलेल्या शेपन्नास मधात चिकटून पाय हलवत होत्या.

"माझंच चुकलं. झाडाच्या सावलीला ठेवाया पायजे हुत्या," पवित्रा म्हणाली.

"तुझं न्हाई चुकलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "हे ध्यानात ठेव. कुणी विचारलं तर असंच सांग."

आठ दिवसांत गावातल्या बावीसच्या बावीस पेट्या रिकाम्या झाल्या. पार्वतीबाईंच्या पेटीच्या तोंडाशी माश्या रांगेनं पंख हलवून आत वारा घालत होत्या.

आणि मग मडिवाळप्पा आला. हातात योजनेचं नाव लिहिलेली पत्र्याची पाटी होती. बरोबर पार्वतीबाईंचा मुलगा राजपाल होता. राजपाल पंचायतीचा पाणीवाला, गावाच्या नळाचे व्हॉल्व्ह सोडायचं काम करायचा. दरसाल जूनमध्ये त्याची ऑर्डर नवी व्हायची.

"परवा योजनेच्या बिदरच्या मॅडम पाहणीला यायल्यात, अक्का. गावात चालू पेटी तुमची एकच. तेवढी ही पाटी लावू द्या."

"पेटी माझी हाय."

"तुमचीच हाय. पाटी लावल्यानं काय झिजायलंय का?"

"तुमच्या पेट्या पवित्राच्या उकिरड्यावर पडल्यात. थितं लावा."

मडिवाळप्पानं राजपालकडं पाहिलं. "आईला समजाव बाबा. जून जवळ आलाय."

तो गेल्यावर राजपाल परसातच थांबला. "आई, चार खिळे तर हाईत."

"खिळे चारच हाईत. पण उद्या तसल्याच पेट्या दुसऱ्या गावाला जातील. चिंताकीला जातील, करजगीला जातील. कमठाण्यात चालल्या, असं सांगतील. माझी पेटी दावून सांगतील."

"मला पोरगी हाय, आई. तिची शाळा हाय."

नातीच्या दप्तराचे बंद पार्वतीबाईंनीच सकाळी शिवून दिले होते. त्या खाली बसल्या, चरीत पाणी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती सही मी एकदा केली, राजपाल. आता माझ्यानं हुईना." राजपाल गेला.

मॅडम आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिशीतली बाई, घामानं चिंब. मागं मडिवाळप्पा, अध्यक्ष, आणि कोपऱ्यात राजपाल. पार्वतीबाईंनी पवित्राची एक पेटी आणून आपल्या पेटीशेजारी उन्हात ठेवली होती.

"ह्याच्यात हात घाला, मॅडम."

मॅडमनी प्लायवूडच्या पेटीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"आता हितं." पार्वतीबाईंनी बारदान बाजूला केलं, झाकण हळूच सरकवलं. "भिऊ नका, कडंच्या फळीला तेवढा हात लावा."

मॅडमचा हात फळीवर टेकला आणि तिथंच राहिला. हातावरून दोन माश्या चालत गेल्या. "गार आहे की आत."

"गार न्हाई. सोसंल इतकं हाय."

"ही पेटी योजनेतलीच ना?"

मडिवाळप्पा खाकरला. अध्यक्ष राजपालकडं बघत होता. राजपालची मान खाली होती. पार्वतीबाईंनी मुलाकडं एकदा पाहिलं, मग झाकण नीट बसवलं.

"न्हाई. माझ्या गोठ्याच्या दाराची हाय. योजनेची ती, जिच्यातनं तुमी हात काढून घेतलाव."

बाहेर उभ्या असलेल्या बायकांतून पवित्रा पुढं आली. "माझी हाय ती. अजून एक हाय घरी. दावते चला." तिच्या मागं आणखी तिघी निघाल्या.

मॅडमनी बरंच लिहून घेतलं, फोटो काढले. पेट्या बदलून मिळतील असं कळवण्यात आलं. पावसाळ्यापर्यंत चार जणींना मिळाल्या, खऱ्या लाकडाच्या. पार्वतीबाईंनी त्या चौघींना कूड विणायला शिकवलं. बाकीच्या अजून पंचायतीत खेटे घालतात, आणि पार्वतीबाई त्यांच्याबरोबर जातात.

जूनमध्ये राजपालची ऑर्डर आली नाही. व्हॉल्व्हची चावी अध्यक्षाच्या पुतण्याकडं गेली. राजपाल आईशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्याला बिदरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात काम लागलं. सकाळी डबा घेऊन तो निघाला, पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली. पार्वतीबाई ती घेऊन मागोमाग स्टॉपवर गेल्या.

मडिवाळप्पानं राजपालपुढं मोटरसायकल उभी केली होती. पार्वतीबाई दोघांच्या पाठीमागं चार पावलांवर थांबल्या.

"काय रे, आईच्या हट्टापायी आता रोज बसचे धक्के. कामून ऐकलं न्हाई तिनं?"

राजपालनं शर्टाची बाही खाली ओढली. "ऐकलं की," तो म्हणाला. "माझं बी ऐकलं, तुमचं बी ऐकलं. मग खरं काय ते सांगितलं."

मडिवाळप्पानं गाडी सुरू केली आणि तो निघून गेला. बस आली. राजपाल चढून खिडकीशी बसला तेव्हा त्याला आई दिसली. पार्वतीबाईंनी टाचा उचलून बाटली वर केली. त्यानं खिडकीतून हात काढून ती घेतली, झाकण उघडलं आणि तहान नसताना तो एक घोट पाणी प्यायला. बस हलली तरी पार्वतीबाईंचा हात थोडा वेळ तसाच वर होता.