संगीतशाळेच्या पाटीवरची कोरी ओळ

मी पाटी बोलतेय. मान वर करा, संगीतशाळेच्या दारावर टांगलेय. येणारेजाणारे मला वाचतात आणि पुढे जातात. मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगते.

जन्माने मी पत्र्याची. पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यावर. अंगावर लिहिलं होतं, 'अजिबात दुखणार नाही.' आत माणसं बोंबलायची आणि मी बाहेर तोंड रंगवून उभी. दवाखाना उठला तेव्हा या शाळेने मला भंगारातून उचललं, घासलं, निळा रंग दिला. ते उपकार मी विसरायची नाही.

शाळेच्या चालकबाई रंगाऱ्याला म्हणाल्या, "तिन्ही शिक्षकांची नावं घाल. खाली कोण कुठे शिकलं तेही घाल."

ढोलवाले सर पोलिसांच्या बँडातले, एका ओळीत आटोपले. व्हायोलिनवाले सर आपले गुरू सांगायला लागले ते थांबेचनात. रंगारी म्हणाला, "सर, ही पाटी आहे, कंपाउंडची भिंत नाही."

गाण्याच्या बाई म्हणाल्या, "माझं नुसतं नाव टाक."

"अहो, आईकडे शिकलात ना?" चालकबाई म्हणाल्या.

"आई लाँड्रीत इस्त्री करायची, मी घड्या घालायचे आणि दोघी गायचो. हे काय पाटीवर लिहायचं? लोक हसतील."

ओळ कोरीच राहिली. पोरांना घेऊन आईबाप यायचे, वाचायचे आणि म्हणायचे, "या बाई कुठे शिकल्या, काहीच नाही. राहू दे."

गाण्याचा वर्ग ओस पडला. शेवटी चालकबाईंनी माझ्याखालीच उभं राहून सांगितलं, "महिनाभर वाट बघते. नाहीतर तुमची खोली ढोलाला द्यावी लागेल."

एवढ्या खणखणीत गळ्याची बाई, पण हळूच "बरं" म्हणून आत गेली. व्हायोलिनवाले सर जिन्यात होते. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते रंगाऱ्यालाच धरून घेऊन आले.

"माझ्या नावाखालचे शेवटचे दोन गुरू पूस."

"का हो?"

"त्यांनी मला नुसतं बदडलं. तिथे लिही, 'श्वास घ्यायला शेजारच्या वर्गातल्या गाण्याच्या बाईंकडून शिकलो.'"

"व्हायोलिनला कसला आलाय श्वास?"

"मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर माझं वाजवणं शिवणयंत्रासारखं चालायचं."

रंग ओला होता तोच बाई आल्या. वाचलं. "सर, मी तुम्हाला कधी शिकवलं?"

"रोज. मधली भिंत पातळ आहे."

"म्हणजे चोरून ऐकत होतात?"

"तुमचा आवाज चोरून ऐकण्याइतका लहान आहे का?"

बाई हसल्या. मग रंगाऱ्याला म्हणाल्या, "रंग उरलाय? लिही. आईकडून शिकले. आई इस्त्री करायची."

"इस्त्रीसुद्धा?"

"इस्त्रीसकट. आणि अक्षर बारीक काढलंस तर बघ."

त्यानंतर एक स्वयंपाकीणबाई आल्या. माझ्याकडे बोट करून अक्षर अक्षर वाचलं आणि लेकीला म्हणाल्या, "चल आत." मागून आणखी काहीजणी आल्या. वर्ग अजून भरलेला नाही, पण खोली बाईंचीच आहे.

माझ्या अंगावर खरं लिहिणाऱ्या या माणसांची मी ऋणी आहे. ऊन खाऊन माझा रंग उडणारच. तेव्हा गिरवायला जो येईल त्याला माझं एवढंच सांगणं: आधी इस्त्रीवाल्या आईची ओळ गिरव. सरांचे मोठमोठे गुरू थांबतील थोडे.