घोरपडीचा अर्धा फेरा

खोटं कशाला बोला, तिला गाडी म्हणताना परका माणूस जरा अडखळायचाच. उंची बेताची, लांबी त्याहून बेताची, आणि वयाने ती चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी. पण चढ दिसला की चारही चाकांनी जमीन घट्ट धरून वर जायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं घोरपड. सासूबाईंनी ती बावीस वर्षं आपल्या गॅरेजात सांभाळली होती. नवऱ्यामागे गॅरेज एकटीने चालवणारी बाई ती. आता गॅरेज बंद, गुडघे कामातून गेलेले, आणि घोरपड सुनेच्या दिमतीला.

सून जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या सात वस्त्यांतल्या गाई-मेंढ्या तिच्या भरवशावर, आणि ती घोरपडीच्या. तर या घोरपडीच्या पुढच्या चाकांनी महिन्यापूर्वी संप पुकारला. चढावर मागची दोन तेवढी राबायची, पुढची नुसती पाहुण्यासारखी बरोबर यायची. दोन फेऱ्या बुडाल्या, आणि कचेरीतल्या मोठ्या साहेबांना निमित्तच मिळालं.

"सोमवारी कचेरीमागचा दगडी चढ औषधांच्या पेट्यांसकट चढून दाखवा," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर ही डबी भंगारात, वरची फेरी बंद, आणि तुम्ही इथे टेबलावर."

डॉक्टरीण घरी आली ती रडवेली होऊन. वर एक गाय अडली तर आठ तास कुणी पोचणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. टेबलावर बसून काय त्या गाईला पत्र लिहायचं?

"आई, मी वरच्या लोकांना काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर दाखव. आधी तेरा नंबरचा पाना दाखव कुठे ठेवलायस," सासूबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! सासूबाई स्टुलावर, सून गाडीखाली. पुढच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची मधली पेटी उतरवली. सासूबाईंची रीत अशी की पुठ्ठ्यावर पेटीचं चित्र काढायचं आणि काढलेला प्रत्येक बोल्ट चित्रातल्या त्याच्याच जागी खुपसायचा. नवं बेअरिंग बसवलं, ऑइल सील बदललं, सगळं धुऊनपुसून लख्ख केलं. सकाळी गाडी अंगणामागच्या मुरुमाच्या चढावर नेली, तर पुढची चाकं ढिम्म. पेटी पुन्हा उतरवली. पुन्हा सगळं ठाकठीक. पुन्हा ढिम्म!

आता या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खिट्टी होती. ती हाताने अर्धा फेरा फिरवली की चाक इंजिनाला जोडलं जाई, आणखी अर्धा फेरा फिरवली की सुटं होई. चढाला निघताना जोडायची, परत आल्यावर सोडायची, एवढंच. पण या खिट्ट्यांवर संशय कोण घेणार? सासूबाईंना त्यांची पक्की खात्री होती, आणि सुनेलाही. खिट्टीवरच्या खुणा मात्र दिसत नव्हत्या, कारण सासूबाईंनी हौसेने चाकांना हिरवा रंग फासला होता आणि खुणा त्याखाली गडप झाल्या होत्या.

सोमवार उजाडला. साहेब छत्री काखेत धरून चढाच्या पायथ्याशी उभे. कचेरीतले लोक खिडक्यांतून डोकावत होते, जणू यांना दुसरं कामच नाही. सासूबाई हट्टाने शेजारच्या सीटवर बसल्या. डॉक्टरिणीने चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकला आणि घोरपड निघाली. दहा हात गेली, वीस हात गेली आणि थांबली. मागच्या चाकांनी खडी उडवली, रबराचा वास सुटला, आणि गाडी इंचभर मागे घसरली.

"झालं?" खालून साहेबांनी विचारलं.

सात वस्त्या एकामागून एक डॉक्टरिणीच्या डोळ्यांपुढून गेल्या. ती खाली उतरली, गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकाला दगडाची उटी लावली आणि पुढच्या चाकापाशी आली. करायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून तिने खिट्टीला हात घातला.

"अगं, हात लावू नकोस तिला!" सासूबाई आतून ओरडल्या. "पहाटेच लावलीय मी!"

डॉक्टरिणीचा हात तिथेच राहिला.

"तुम्ही? तुम्हाला वाकायला मनाई केलीय ना महिन्यापूर्वी? म्हणून तर मी लावते रोज, तुम्ही चहा पीत असता तेव्हा."

"तू लावतेस? आणि मला बोलली नाहीस?"

"गुडघ्यांचं नाव काढलं की तुमचा पारा चढतो. कशाला बोलू? पण तुम्ही का लावता?"

"दिवसभर गाईंपुढे वाकतेस, घरी तरी नको म्हटलं पोरीला," सासूबाई पुटपुटल्या. "संध्याकाळी सोडतेही मीच."

"संध्याकाळी तर मी सोडते!"

अर्धा फेरा हिचा, अर्धा फेरा तिचा. महिनाभर रोज सकाळी दोघींनी मिळून चाक सुटंच ठेवलं होतं, आणि त्यापायी बिचारी धडधाकट पेटी दोनदा उघडली होती! आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग डॉक्टरिणीला. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. खाली साहेबांना वाटलं, धक्क्याने डोकी फिरली.

"फिरव आता!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "एकटीनेच फिरव, मी हात बांधून बसते!"

डॉक्टरिणीने एक खिट्टी फिरवली. खट्ट. पलीकडे जाऊन दुसरी फिरवली. खट्ट. मग आत बसली, पहिला गिअर टाकला आणि क्लच अगदी अलगद सोडला. पुढच्या चाकांनी दगड पकडला आणि दगडावरून उठून उभी राहिली ती घोरपड! मधल्या पेटीचा आवाज असा की ऐकत राहावं. औषधांच्या पेट्या खडखडल्या, सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरला, पण गाडी कुठे अडली नाही. माथ्यावर पोचल्यावर डॉक्टरिणीने हॉर्न दाबला तो सोडायलाच तयार नव्हती. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

साहेब धापा टाकत पायी वर आले. "फेरी चालू ठेवा," ते म्हणाले, आणि मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण बिघडलं काय होतं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरातला मामला आहे."

दुसऱ्याच दिवशी वरच्या वस्तीतून निरोप आला, गाय अडलीय. सासूबाई न विचारताच गाडीत जाऊन बसल्या. डोंगराच्या पायथ्याशी डॉक्टरिणीने गाडी थांबवली.

"आई, डावं चाक तुमचं, उजवं माझं. आणि लावलं की मोठ्याने सांगायचं."

सासूबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दाराला धरून उतरल्या. गुडघे कडाकडा वाजले. डॉक्टरिणीला ते चांगलं ऐकू आलं, पण तिने अवाक्षर काढलं नाही. आपली खिट्टी फिरवली आणि वाट बघत उभी राहिली.

"लागली गं!" पलीकडून सासूबाई सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा ओरडल्या.