आठ नि आठ चार

आत्याने अँप दिला खरा, पण देताना बजावलंही. "धड वाजून परत आला तर तुझा. जळका वास घेऊन आला, तर तूही येऊ नकोस."

भाचीने हे हसण्यावारी नेलं नाही. बेस गिटार तिची स्वतःची होती, तिचा आवाज मोठा करणारा अँप नव्हता; आणि हा व्हॉल्व्हचा जुना अँप म्हणजे आत्याचा जीव की प्राण. तो एकदा जळला होता. जाळला कोणी? भाचीच्याच बाबांनी. स्पीकरच्या दोन पेट्या लावताना त्यांनी चुकीच्या भोकात पिन खुपसली आणि आतला ट्रान्सफॉर्मर गेला. आत्याने त्याची तार नव्याने गुंडाळून घेतली, पण तेव्हापासून थोरल्या भावाला अँपच्या आसपास फिरकायची बंदी. पुढे बोटं आखडली, आत्याचं वाजवणं सुटलं. बंदी मात्र उठली नाही.

आणि आज कार्यक्रमाचं सभागृह पाहावं तर हे अवाढव्य. एक पेटी कुठे पुरणार? ड्रमवाल्याने आणखी एक आणली. दोन्हींच्या पाठीवर विजेचा अडथळा लिहिलेला, आठ ओहम. अँपच्या पाठीला तीन भोकं: चार, आठ, सोळा. पेट्यांचा मिळून जेवढा अडथळा, त्याच आकड्यात पिन घालायची.

आत्या अजून यायची होती, आणि बाबा मदतीला हजर होतेच. जित्याची खोड, दुसरं काय. "आठ नि आठ सोळा," ते म्हणाले, "सोळात घाल." ड्रमवाल्यालाही पटलं. एवढी बेरीज तर शेंबड्या पोरालाही येते.

भाचीचा हात थांबला. अँप जळला त्या दिवशीही अशाच दोन पेट्या होत्या, हीच बेरीज झाली असणार, तिच्या मनात आलं. तिने अडथळा मोजायचा मीटर काढला. एका पेटीवर काटा सहाच्या जरा पुढे गेला. बाबांना लगेच चेव चढला, धड आठसुद्धा नाहीत म्हणाले. वाजताना आठ असतात, मीटर नेहमी थोडं कमीच दाखवतो, असं तिने शांतपणे सांगितलं. मग पहिल्या पेटीतून दुसरीला वायर दिली आणि पुन्हा मीटर लावला. काटा खाली आला आणि तीनच्या किंचित पुढे बसला.

"बाबा, जोडणं म्हणजे बेरीज नाही. पेट्या शेजारीशेजारी आहेत, विजेला दोन वाटा. एका दाराऐवजी दोन दारं उघडली, तर अडथळा वाढतो की निम्मा होतो?"

बाबा काट्याकडे बघत राहिले. "म्हणजे तेव्हाही..."

"तेव्हाही चारच होते."

तिने पिन चारात घातली.

आणि मग वाजली हो गिटार! पहिल्याच सुराला पायाखालची फरशी थरथरली, मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. भाचीला वाटलं, आपण दोन माणसांच्या ताकदीने वाजवतोय. शेवटच्या गाण्याला टाळ्या थांबेनात, ड्रमवाल्याने तर काठ्याच हवेत फेकल्या. अँप शेवटपर्यंत खणखणीत राहिला.

टाळ्या संपल्यावर आत्या काठी टेकत मंचावर आली. अँप बंद होता. तिने मागच्या जाळीला नाक लावलं, मग वर तळवा ठेवला. नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्याइतका अँप उबदार होता. वास मुळीच नव्हता.

बाबा लांब, खांबापाशी उभे होते. आत्या समोर असली की अँपपासून लांब राहायची सवयच लागली होती.

"दादा, ये," आत्या म्हणाली. "हात लावून बघ."

बाबा जागचे हलेनात. "तू चिडशील."

"मी कोण चिडणार? अँप आता तिचा आहे. तिला विचार."

भाची बाजूला सरली आणि बाबांना जागा करून दिली.