दोन टॅब आणि बाबांचं हो-नाही

वजन

दादाने आणलेला टॅब मी हातात घेतला आणि मनात आलं, यापेक्षा दगडी पाटी हलकी.

"स्वस्तातला आहे ना?"

"चालतो," दादा म्हणाला.

"चालतो का ते नाही विचारलं मी."

"अगं, बाबांना काय त्यावर सिनेमे काढायचेत? हो, नाही, पाणी, दुखतंय, टीव्ही. एवढं बोलतो तो. बास झालं."

झटका येऊन गेल्यापासून बाबांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं. पण मान होकाराला जशी हलते तशीच नकारालाही हलते, आणि ते त्यांच्याही लक्षात येत नाही. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, मानेवर विसंबू नका, टॅबवर मोठे चौकोन द्या, डाव्या हाताने दाबतील. चौकोनाला बोट लावलं की टॅब एका अनोळखी बाईच्या आवाजात बाबांचं म्हणणं सांगतो.

मी दुसऱ्या शहरात असते. विमा कंपनीत दावे तपासते. गोदाम जळालं असं लोक कळवतात आणि मी जाऊन राख बघते. दादा खालच्या मजल्यावर बाबांचं फ्रेमचं दुकान चालवतो. बाबांचं सगळं वहिनी बघते.

मी बाबांच्या खुर्चीशेजारी बसले. "बाबा, माझ्याकडे राहायला यायचं का? कायमचं?"

टॅबने बराच वेळ काही केलं नाही. मग तो म्हणाला, "नाही."

वहिनी दारातच उभी होती.

स्क्रीन

स्वस्त टॅबचा पडदा फिका आहे. बाजूने पाहिलं तर अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. पण मला खटकलं ते वेगळंच.

पडदा स्वच्छ होता.

कुणाचाही फोन तिरका धरून बघा. त्याच्यावर बोटांचे ठसे, गालाचं तेल, जेवणाचा पुरावा, सगळं असतं. हा टॅब सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाबांच्या हाताखाली, आणि त्यावर एक ठसा नाही? जळक्या गोदामात मला एक लखलखीत कोपरा दिसला की मी तिथेच आधी उभी राहते. काही लपवायचं नसेल तर माणूस पुसत बसत नाही. एक तर बाबा या टॅबला हातच लावत नव्हते आणि त्यांच्या वतीने दुसरंच कुणीतरी दाबत होतं. नाहीतर...

नाहीतर काय, ते मला सुचलं नाही. सुचवून घ्यायची इच्छाही नव्हती.

"हा पुसतं कोण गं?" मी वहिनीला विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"मी नाही बाई. मला माझा चष्मा पुसायला सवड नाही."

उत्तर फार लवकर आलं. कामावर असते तर ते वेगळं काढून ठेवलं असतं.

रंग

दोन्ही काळे. इथे माझा काही संशय नाही.

विक्रेता

दोन्ही म्हणजे दुसराही आला. दुसऱ्याच दिवशी मी बाजारात गेले.

"काम काय आहे, ताई?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं. मी सांगितलं. त्याने तोच टॅब पुढे केला, दादाचा. तेच कवच, तोच जडपणा.

"हाच घ्या. नुसते चौकोन दाबायचे तर याच्यावर पैसे घालू नका. महागड्यात चित्र काढता येतं, फोटो छान येतात. तुमच्या वडिलांना ते कशाला?"

दुकानदार स्वस्तातलं घ्या म्हणतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. माल पडून असेल. नाहीतर दादाने कालच फोन करून ठेवला असेल. (दादा हे दुकान ओळखतही नव्हता, हे नंतर कळलं. पण नंतर कळलेल्याचा उपयोग काय?)

"आणि तो?" मी काचेच्या कपाटातला पातळ, नाजूक टॅब दाखवला.

"तो चांगलाच आहे. पण..."

"तोच द्या."

तो बिल करायला वळला, त्याला माझी कीव आली असावी. मला मात्र तेव्हा वाटलं, हा चिडलाय.

वेग

महागड्याला वेग आहे हे खरं. बोट टेकतंय न टेकतंय तोच तो बोलतो. वहिनीच म्हणाली, "जुन्यावर चार-चारदा दाबावं लागायचं. एकदा ‘दुखतंय’ उमटेपर्यंत दुखायचं थांबलं होतं."

चौकोन मी स्वतः मांडले. जुन्यावर होते तसेच, हो आणि नाही शेजारी-शेजारी, म्हणजे बाबा गोंधळायला नकोत. दादाला दुकानातून वर बोलावलं. साक्षीदार हवा.

"बाबा, माझ्याकडे यायचं?"

"हो."

"माझ्याकडे, बाबा. माझ्या घरी."

"हो."

"कायमचं?"

"हो."

मी पडद्याकडे बघत होते. हिरवा चौकोन उजळत होता, पुन्हा पुन्हा. दादाच्या हातात मोजपट्टी तशीच राहिली होती.

"अगं, पण काल तर नाही म्हणाले होते," तो म्हणाला.

"काल तुझा टॅब म्हणाला."

"म्हणजे आम्ही काय पढवून ठेवलं होतं का बाबांना, वन्सं?" वहिनी म्हणाली. ती मला एरवी ताई म्हणते. वन्सं म्हटलं की समजायचं, बुडाखाली जाळ लागलाय.

"मी तसं म्हटलं का?"

"तुम्ही म्हणत नाही. तुम्ही बघता."

दादा म्हणाला, "एवढ्या पैशात दुकानाचं दार नवीन झालं असतं."

त्यानंतर वहिनीने बाबांची बॅग भरायला घेतली. उद्याच घेऊन जा, म्हणाली. सदरे घडीवर घडी, औषधं वेगळ्या पिशवीत, नखं काढायचं कटरसुद्धा आठवणीने. हिला इतकी घाई का? मी बॅगेत काय काय जातंय ते बघत बसले.

आवाज

महागड्याचा आवाज खणखणीत. जणू शेजारच्या खोलीत एक शहाणी बाई बसलेली आहे.

सकाळी वहिनी पेला घेऊन आली. "बाबा, दूध?" तिने सगळ्यांना विचारतात तसं जाता जाता विचारलं. दूध खरं तर माझ्यासाठी होतं.

"हो," शहाणी बाई म्हणाली.

वहिनी थबकली. मग म्हणाली, "घ्या मग," आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी ओठ असे मिटले की दूध हनुवटीवरून सदऱ्यात.

आमच्या लहानपणी दूध तापायला ठेवलं की बाबा घराबाहेर पायरीवर जाऊन बसायचे. नुसता वास सहन व्हायचा नाही. आजारी असतानाही त्यांनी कधी दुधाला तोंड लावलं नाही.

"हो म्हणाले की," वहिनी टॉवेल शोधत म्हणाली. "म्हणजे, तुमचा तो म्हणाला."

तपासायला गेले की मी आधी असं काहीतरी विचारते, ज्याचं उत्तर मला माहीत असतं. नाव काय, घर कुठलं. माणूस तिथेच खोटं बोलला तर पुढचं ऐकायचं कारण नाही. बाबांना मी असं काहीच विचारलं नव्हतं. हवं ते उत्तर आलं आणि मी उठले होते.

स्पर्श

वहिनी सदरा भिजवायला गेली. दादा खाली दुकानात. मी दार लोटलं.

"बाबा, मी तुमची सासू आहे का?"

"हो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला झटका आलाय की काय अशा नजरेनं.

"पुन्हा विचारते. मी तुमची सासू आहे का?"

या वेळी मी पडद्याकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं.

डाव्या हाताचं बोट नेमकं ‘नाही’वर आलं. टेकलं. आणि टेकल्याबरोबर तळहाताची कड खाली आली आणि काच पुसत गेली, डावीकडून उजवीकडे, ‘हो’वरून थेट काठापर्यंत.

"हो," शहाणी बाई म्हणाली.

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या फोटोंवर काचा बसवल्या. लग्नं, बारशी, गेलेली माणसं. दुकानात कुणी आलं की ‘या’ म्हणायच्या आधी ‘काचेला बोट नको’ म्हणायचे. गिऱ्हाईक फ्रेम घेऊन निघालं तरी त्याच्या हातातली काच हे शेवटचं एकदा पुसणार. घरातला आरसा, खिडकी, शेजाऱ्यांच्या गाडीची काच, काहीच सुटलं नाही. स्वतःचं बोट लागलं तर स्वतःवरच चिडायचे.

आणि त्यांची मुलगी ठसे का नाहीत म्हणून वहिनीच्या मागे लागली होती.

मी जुना टॅब आणला. तोच प्रश्न. बोट आलं, टेकलं, तळहात पुसून गेला. टॅब पहिला घास चघळत बसला होता. पुसणं त्याच्या गावीच नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नाही."

महागडा शेवटच्या स्पर्शाला मान देतो. स्वस्ताचं डोकं पहिल्यावरच अडकतं. म्हणून तो खरा? तसंही नाही. त्याला ‘दुखतंय’ ऐकू यायचं नाही.

सेटिंग

बॅग दाराशी भरलेली होती. तीनदा ‘हो’ झालं होतं, साक्षीदारांसमोर. दूध सांडलं त्याला शंभर कारणं देता येतात, आजारी माणसाच्या आवडी बदलतात. आणि हाताकडे पाहिलं होतं फक्त मी.

गप्प बसायचं एवढंच काम होतं. माझ्याकडे बाबांना काही कमी पडलं नसतं. दिवसा बाई ठेवली असती. गॅलरीत ऊन येतं. मी गॅलरीबद्दल बराच वेळ विचार केला, खुर्ची कुठे ठेवायची इथपर्यंत.

मग महागड्याचं सेटिंग उघडलं. ‘हो’ वर नेलं, ‘नाही’ तळाला, बाकीचे चौकोन मध्ये एकाखाली एक, कुणाच्याच शेजारी काही नाही. कितीही पुसा.

"बाबा, दूध?"

"नाही."

"मी तुमची मुलगी?"

"हो."

"माझ्याकडे यायचं?"

बोट खाली गेलं. टेकलं. पुसलं.

"नाही."

"वहिनी इथे नाहीये. दार लावलंय. घाबरू नका. इथे त्रास देतात का तुम्हाला?"

"नाही."

"खरं?"

"हो."

"मग माझ्याकडे का नको?"

या प्रश्नाला चौकोन नव्हता. बाबांनी पडद्यावर सगळीकडे शोधलं, बोट हवेत फिरत राहिलं, पाण्यापाशी थांबलं, दुखतंयपाशी थांबलं, पुढे गेलं. शेवटी "टीव्ही," शहाणी बाई म्हणाली.

मी टीव्ही लावला.

वॉरंटी

स्वयंपाकघरात दोघांना सांगितलं. दादा आधी हसला, ओट्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी काही थांबेना, तेव्हा तो नळाकडे तोंड करून उभा राहिला.

"आपला बाप काचेला हात लावून न पुसता राहिलाय का कधी?" तो नळाला म्हणाला. "आणि ही राख बघते."

"तू तरी कुठे ओळखलंस?"

"मी बघतच नव्हतो गं. मला चालत होतं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "महागडा परत घेतील का? वापरलेला नाही घेत म्हणतात."

"वापरलेला दिसतोय का कुठे?"

तेव्हा तो पुन्हा हसला.

वहिनी हसली नव्हती. ती बॅगेपाशी उभी होती, चेनीला हात लावून. तिच्या तोंडावर राग नव्हता, मी राग ओळखते. ज्यांचा दावा मंजूर झाल्यातच जमा होता आणि मग नामंजूर होतो, ज्यांनी मनातल्या मनात नवं गोदाम बांधूनही टाकलेलं असतं, त्यांची तोंडं अशी होतात. ती खाली बसली आणि बाबांचे सदरे एकेक करून बाहेर काढायला लागली.

म्हणजे ती घाई होती ती यासाठी. मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं, आणि जे होतं ते विचारायला मी आले नव्हते.

"वहिनी, आईकडे कधी गेली होतीस शेवटची?"

तिने वर पाहिलं. "का?"

"मी थांबते इथे. रजा आहे माझी. तू राहून ये थोडे दिवस."

"का?"

"का म्हणजे? जा."

"टॅबमध्ये आणखी काही सापडलं का?"

"नाही गं."

"मग घरात काही बघायचंय?"

"वहिनी, मी बाबांना बघीन. एवढंच."

"ही आपणहून म्हणतेय तर जा की," दादा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी त्याला म्हणाली. नजर माझ्यावरच होती.

पण गेली. दुपारी तिने त्याच बॅगेत स्वतःचे कपडे भरले. बाबांना कुशीवर कसं वळवायचं, गोळी कशात कुस्करायची, ते चिडले की कुठल्या बाजूला उभं राहायचं नाही, सगळं मला करून दाखवलं आणि माझ्याकडून करवून घेतलं. दोनदा चुकले. दुसऱ्यांदा ती नुसती बघत राहिली.

खाली रिक्षा उभी होती. वहिनी दोन पायऱ्या उतरली, परत वर आली, चपला न काढता आत गेली. आपल्या कपाटाला कुलूप लावलं. ओढून बघितलं. मग किल्ली पर्समध्ये टाकून म्हणाली, "येते हं, ताई."

"सावकाश ये," मी म्हटलं.