टिनावर फेकलेला दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. जुना म्हणजे वयानं नव्हे, वय माझं अवघं चार वर्षांचं. पण ज्याला घरच्यांनीच टाकून दिलं तो जुनाच म्हणायचा. अमडापूरच्या राखीचा मी वरचा, अगदी समोरचा दात. सध्या तिच्या कंपासपेटीत खोडरबराशेजारी पडून असतो.

राखी सात वर्षांची असताना तिचा दुधाचा दात पडला आणि त्याच्या जागी मी आलो. दुधाचे दात म्हणजे पाहुणे. आले, राहिले, गेले. मी मात्र तिचे केस पिकेपर्यंत राहायला आलो होतो. माझी कड करवतीसारखी होती आणि अंगानं मी जरा रुंदच. शाळेतल्या पोरी हसायच्या. तेव्हा माझी बाजू घेतली ती राखीच्या आजीनं, कोकिळाबाईनं.

"हसू द्या त्याह्यले," ती साऱ्या गल्लीत सांगायची. "याच दातानं माही नात ऊस सोलते."

खरंच सोलायची. ऊस, कणीस, कच्ची कैरी, मला कशाचंच भय नव्हतं. राखी मला शाळा असेल त्या दिवशी घासायची, रविवारी तेही नाही. तरी मी कधी किडलो नाही, हललो नाही. कोकिळाबाईच्या शब्दाला गल्लीत कुणी उलट बोलत नसे, आणि ती माझं कौतुक करते म्हटल्यावर मीही जरा ताठ्यात राहायचो. पण तिच्या शब्दाचा तोच दरारा पुढं मला नडला.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी राखी हापशीवर पाणी भरत होती. ओला हात निसटला, दांडा उसळला आणि तिच्या तोंडावर बसला. मी मुळासकट बाहेर येऊन ओट्यावर पडलो. सगळा धड, कुठं टवका उडालेला नाही. कोकिळाबाई नुकतीच म्हैस दोहून उठली होती. दुधाची बादली माझ्यापासून दोन हातांवर होती. मित्रांनो, ही बादली लक्षात ठेवा.

कोकिळाबाईनं राखीच्या तोंडात स्वच्छ फडका धरला आणि मला उचललं. मला वाटलं, सुटलो.

"रडू नको व माय. दुधाचा दात व्हय, नवा येईन."

"आजी, हा दुधाचा नाई," राखी फडक्यातून बोलली. "हा दुसऱ्यांदा आलेला व्हय."

"माह्यापेक्षा जास्त समजते काय तुले? साऱ्या घराचे दात म्याच फेकले या टिनावर."

मग तिनं मला चुलीतली राख लावून खसाखसा घासलं. माझ्या मुळावर एक नाजूक साल असते. तिच्याच आधारानं मी हिरडीत पुन्हा धरू शकलो असतो. तीच खरडून निघाली. पुढं मला शेणाच्या गोळ्यात दाबलं आणि टिनाच्या छपरावर भिरकावलं. आमच्याकडे दुधाच्या दाताची हीच रीत आहे. पण जिनं गल्लीभर माझं कौतुक केलं, तिनंच मला शेणात घालावं, हे माझ्या मनाला फार लागलं.

टिन तापत गेलं. शेण सुकत गेलं, आतमध्ये मीही.

अर्ध्या तासानं राखीचा बाप भागवत डेअरीत दूध घालून आला. लेकीचं तोंड पाहून त्यानं लगेच चिखलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोनमधून आवाज मोठा येत होता, मला वरपर्यंत ऐकू आला.

"दात कुठे आहे? मुळाला हात लावू नका. घासू नका. थंड दुधात टाका आणि असेच निघा. तासाच्या आत बसवला तर बसतो."

"माय, दात कुठी हाय?" भागवतनं आईला विचारलं.

कोकिळाबाईनं वर बोट केलं.

भागवत टिनावर चढला. तिथं गोवऱ्या वाळत घातलेल्या. एकेक फोडत मी सापडेपर्यंत आणखी पाऊण तास गेला. मग मला दुधात टाकलं आणि जीप धरून सगळे चिखलीला आले. डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"मुळाची सालच राहिली नाही. आता हा धरणार नाही. कुणी घासला?"

मी कोकिळाबाईकडे पाहिलं. एरवी गावाला बोलून गप्प करणारी बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. अक्षरओळख जेमतेम, पण त्या दिवशी फार मन लावून वाचत होती.

"म्याच घासला," राखी म्हणाली.

"अगं, एवढी मोठी तू," डॉक्टरीणबाई तिला रागावल्या. राखीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. कोकिळाबाईनं तेही ऐकलं आणि कॅलेंडरवरची नजर काढली नाही. मला शेणात घातलं त्यापेक्षा हे मला जास्त झोंबलं.

मित्रांनो, दुधाचा दात पडला तर खुशाल टिनावर फेका. पण दुसऱ्यांदा आलेला दात असा निखळला, तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, घासू नका, वाटीभर थंड दुधात टाका आणि पळा. रक्त पाहून रडायला नंतर वेळ मिळतो, आम्हाला मात्र तासभरच मिळतो.

राखीला आता काढता-घालता येणारा खोटा दात बसवला आहे. दिसायला माझ्याहून देखणा, पण ऊस त्याला झेपत नाही. झोपताना त्याला पाण्याच्या वाटीत ठेवावं लागतं. ती वाटी कोकिळाबाईच भरून आणते, रोज, कुणी न सांगता. मी कंपासपेटीतून पाहत असतो. त्या सकाळी दोन हातांवरची दुधाची बादली तिला सुचली नव्हती, पण वाटी कुठं ठेवलेली असते, ते आता तिला बरोबर ठाऊक आहे.