भिंतीले ठेवलेली भोकं

भिंतीले भोकं मुद्दाम ठेवायची असतात, हे शिकायले मी सिहोऱ्याहून नागपूरले गेलो. कोणाले सांगू नका, हसतील. माझा बाप तुलाराम तर खाटेवर बसून एवढा हसला की त्याले ठसका लागला. "भोकं कराले खेकडे आहेत नं बे फुकटचे," तो म्हणे. "तू कायले जाऊन राहिला?"

पण मले बागा बांधायच्या होत्या. साल एक्याऐंशी. नागपुरात एका संस्थेत बाग-बांधकामाचा वर्ग होता. फरशीखाली मुरूम किती, रेती किती, जमिनीले उतार कसा द्यायचा, उतारावरची माती अडवायले दगडाची भिंत कशी उभी करायची, सगळं शिकवत. मी त्यात असा रंगलो की सुट्टीत घरी आलो की मायचं अंगणही मले पाहवेना. ती सारवून राहिली की मी मागून, "माय, उतार दारापासून बाहेर पाहिजे." माय म्हणे, "तू आधी दारापासून बाहेर हो." पांढरी पँट घालून मी धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, धुऱ्यावर उभा राहायचो अन् खाली चिखलात रोपं खोचत रोवणा करणाऱ्या बापाले पाण्याच्या निचऱ्यावर भाषण द्यायचो. त्यानं मले हात धरून खाली ओढलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

एवढा ताठा उगाच नव्हता. पवनीच्या चंद्रकांता नावाच्या पोरीले मी लग्नासाठी पाहून आलो होतो, अन् खरं सांगतो, तेव्हापासून माझं कशात मन लागेना. तिनं पोहे इतके तिखट केले होते की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, अन् ती दाराआडून हसली. तेवढ्यावर माझं काम तमाम झालं. पण तिचे वडील मधुकरराव शाळेत मास्तर. घरची शेती कधीच दुसऱ्याले करायले दिलेली, धोतराले डाग नाही. त्यांनी साफ सांगितलं, "आमची पोरगी आम्ही चिखलात देत नाही. सर्टिफिकेट आणा, नागपूरची नोकरी धरा, मग बोलू."

नोकरी तशी ठरल्यासारखी होती, अडलं होतं फक्त सर्टिफिकेट. त्याची परीक्षा अशी, की ज्यानं त्यानं आपल्या गावात एक लहान बाग बांधायची अन् पाऊसपाणी सुरू झाल्यावर संस्थेचे साहेब येऊन पाहणार. पाणी नीट निघून गेलं तर पास.

आमच्या वाचनालयासमोर उताराची जागा होती, ती सरपंचांनी दिली. उन्हाळाभर मी तिथं खपलो. खालच्या अंगाले कमरेएवढी दगडाची भिंत, तिच्यामागं गिट्टी, गिट्टीमागं माती, वर फरशीची पायवाट अन् फुलझाडांचे वाफे. भिंतीच्या पायथ्याशी पाइपाचे तुकडे टाकून भोकांची रांग ठेवली. वरचं पाणी मातीतून, गिट्टीतून झिरपत यायचं अन् त्या भोकांतून बाहेर पडायचं. भोकं नसली तर पाणी मागं साचते अन् भिंतीले ढकलून देते. हे मले इतकं पाठ होतं की जेवतानाही मी बडबडत होतो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. धुऱ्याले खेकड्यानं भोक पाडून पाणी जाताना दिसलं, तर ज्याले दिसलं त्यानं ते बुजवायचं. बांधी कोणाची, हे विचारायचं नाही. भावाभावांत कोर्टकचेरी चालू असली तरी येता-जाता एकमेकांची भोकं बुजवतात, अन् बुजवून झाल्यावर मग शिव्या देतात. पाणी गेलं म्हणजे धान गेलं. लहानपणापासून हेच पाहत आलेली माणसं आम्ही.

पाऊस लागला. भोकांतून पाणी असं सुरेख वाहू लागलं की मी खुशीत घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सकाळी जाऊन पाहतो तर सगळी भोकं बंद! चिकण मातीचे गोळे करून, वरून अंगठ्यानं दाबून, एकदम पक्कं काम. मी काडीनं कोरून मोकळी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग मी पाटी लावली, "ही भोकं बुजवू नयेत." तर शेजारच्या रुखमाबाई पाटीसमोरच बसून माती दाबून राहिल्या होत्या.

"काकू, पाटी वाचली नाही का?"

"वाचली नं. पण पानी चाललं होतं रे बाप्पा! तुले हाक माराले कुठं थांबू?"

बापाले विचारलं तर तो दुसरीकडे पाहू लागला. नखांत चिकण माती तशीच होती. "बाबा, तुम्हीसुद्धा?" मी ओरडलो. "अबे, वाटेत दिसलं," तो म्हणे. मी सगळ्या गावाले अडाणी म्हणून घेतलं. एवढं सोपं शास्त्र यांच्या डोक्यात काहून शिरत नाही, म्हणून कपाळ बडवलं. अन् परीक्षेच्या दिवशी सकाळपासून काठी घेऊन भिंतीजवळ पहाऱ्यालेच बसलो. गाव तिकडून येई, माझ्याकडे पाही अन् हळहळत निघून जाई.

साहेब आले. त्याच बसनं मधुकररावही उतरले, होणाऱ्या जवायाचं कौतुक डोळ्यांनी पाहायले. पाऊस नुकताच थांबला होता. साहेबांनी फरशी ठोकून पाहिली, वाफे पाहिले, मान डोलावली. माझी छाती फुगली. मग ते भिंतीसमोर आले.

"ही भोकं कशासाठी ठेवली?"

मी याचीच वाट पाहत होतो. "सर, मातीत मुरलेलं पाणी भिंतीमागं साचलं तर भिंतीवर दाब येते," मी सुरू झालो. "म्हणून पाण्याले वाट द्यावी लागते. ही भोकं कोणत्याही परिस्थितीत बंद होता कामा नयेत. बंद झाली तर…"

"अहो, पण हे काय करताय?" साहेब म्हणाले.

मी खाली पाहिलं. मी उकिडवा बसलो होतो. पांढऱ्या पँटीचे गुडघे चिखलात, अन् माझा उजवा अंगठा चिखलाचा गोळा भोकात दाबून राहिला होता. एक भोक बुजवून झालं होतं, हे दुसरं होतं. आईशपथ सांगतो, मी कधी बसलो, माती कधी उचलली, मले काहीच आठवत नाही. तोंड नागपूरचं बोलत होतं अन् हात सिहोऱ्याचं काम करत होते.

साहेबांनी उरलेल्या रांगेकडे पाहिलं. तिकडे मधुकरराव बसले होते. धोतराचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत भरलेले. "इकडचं आपलं बुजवून झालं," ते मले म्हणाले. "तिकडचं तुम्ही पाहा."

साहेब नापास लिहून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा बसा, म्हणाले. मी तिथंच पायवाटेवर बसून रडलो. फरशीचं नाही, सर्टिफिकेटचंही नाही, मले चंद्रकांताचं रडू आलं. बाप पाण्याचा लोटा घेऊन आला. मधुकररावांनी हात धुतले, काचा सोडून धोतर नीट केलं, त्यावरचे डाग पाहिले अन् "बस निघून जाईल" म्हणत स्टँडकडे चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. संपलं सगळं.

कोपऱ्यावर ते थांबले. वळले. तसेच झपाझप परत आले. मले वाटलं, आता चार माणसांत माझी इज्जत काढतात. पण ते माझ्याजवळून पुढं गेले अन् भिंतीच्या टोकाले, वेलीमागं लपलेल्या शेवटच्या भोकाजवळ धोतरासकट बसले. ते अजून गळत होतं. त्यांनी गोळा केला, दाबला, वरून तळवा मारला.

"एक राहिलंच होतं," ते चिडून म्हणाले. "असं अर्धं टाकून कसं जाववते तुम्हाले, जवाईबापू?"

माझा बाप तिकडे तोंड करून हसू लागला. मी नाक पुसून घाईघाईनं होणाऱ्या सासऱ्यांच्या, मामाजींच्या, पाया पडलो. त्यांच्या पायालेही चिखल होता, तो माझ्या कपाळाले लागला.

भिंत पोळ्यापर्यंतही उभी राहिली नाही, रस्त्यावर आडवी झाली. पण तोवर पवनीहून निरोप येऊन गेला होता की तुळशीच्या लग्नानंतर पहिली चांगली तारीख धरू.