मढच्या बायका

हर्षालीने खाचराच्या चिखलात दोरी ताणली, जुडीतून भाताचं एकच रोप सुटं केलं आणि दोरीला धरून लावलं.

"एकच? अवं मॅडम, खेकड्यानं कातरलं तर?" बांधावरून लंकाबाई म्हणाली. बाकीच्या बायका खिदळल्या.

आरतीही हसली, जरा जास्तच. कृषी सहायक म्हणून या डोंगरवाड्यांच्या वाटा इतकी वर्षं तिने तुडवल्या. परदेश दौऱ्यासाठी मुलाखती दोघींच्या झाल्या; विमानात बसली ती मात्र काल नोकरीला लागलेली हर्षाली.

"मादागास्करच्या बायका असंच लावतात," हर्षाली सांगत होती. "रोपाला ऐसपैस जागा मिळते, फुटवे जास्त येतात."

नवख्या बुवांच्या कीर्तनासारखं चाललं होतं. निरूपण गोड, पण मागे टाळ उचलायला कोणी नाही. आरतीला ते बरं वाटलं.

लंकाबाई तिच्या कानाशी आली. "आरतीताई, कुठल्या म्हनल्या त्या? मढच्या?"

मढ म्हणजे डोंगराआडचं शेजारगाव. आरतीने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हर्षालीच्या डोक्यावरची, मादागास्करहून आणलेली गवती टोपी तिच्या नजरेस पडली.

"हो," ती म्हणाली. "मढच्याच."

"आगं बया! मढवालींना जमतंय आन् आमाला न्हाई व्हय?"

लंकाबाईने लुगडं खोचलं. एकीमागून एक सगळ्या चिखलात उतरल्या. हर्षालीचा चेहरा फुलला. मादागास्करचं नाव मात्र कोणाच्याच तोंडी नव्हतं.

लंकाबाईने कमरेचा मोबाइल काढला. "थांबा गं. माझी भाची मढलाच दिलीय. फुटवं कसं आल्यात, इचारते तिला."

आरतीने तिचा हात धरला. भाची 'असलं काय न्हाई' म्हणाली, की उद्या आरतीच्या एका शब्दावर या वाडीत कोणी मूठभर बी पेरणार नव्हतं.

"लंकामावशी, मढ नाय. मी खोटं बोलले. लई लांब, समुद्रापल्याड बेट हाय. तिथं..." तिने हर्षालीकडे बोट दाखवलं. "तिथं ही जाऊन आली. ही शिकून आली. मी नाय."

हर्षालीने वाकलेली मान वर केली. लंकाबाई दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"म्हंजी मढला ह्ये ठावंच न्हाई?"

"नाय."

"मंग ऱ्हाऊ द्या की! यंदा त्यांना कशापायी सांगायचं?"

हशा उसळला. आरती हसली नाही. पदर खोचून ती हर्षालीच्या शेजारी चिखलात उतरली.

"रोप कसं धरायचं," तिने खाली बघतच विचारलं, "दाखव."